आत्याचा गंधार

आमच्या पेटीचा भाता उंदराने खाल्ला. सगळा नाही, डाव्या घडीचं कातडं तेवढं. पण असं नेमकं की भाता मारला की सुराऐवजी नुसता सुस्कारा निघायचा. पेटी वडिलांची. ते गेल्यापासून तिच्यावर धुतलेले टॉवेल ठेवायची पद्धत पडली होती, त्यामुळे उंदराला वेळ आणि एकांत दोन्ही भरपूर मिळालं. हे सगळं उघडकीला आलं ते मिरजेहून आत्या येणार असं कळल्यावर, म्हणजे टॉवेल उचलल्यावर.

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीला आमच्याकडे येणार होती. मुक्काम तीन आठवडे, वय चौऱ्याहत्तर. तिचा जन्म गेला मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिवसभर कोणी ना कोणी भोपळ्यावर तारा चढवून जवारी काढत बसलेलं असायचं. आपण कुकरच्या शिट्ट्या ऐकत वाढलो, ती खर्ज ऐकत वाढली. डॉक्टरांना तिने एकच प्रश्न विचारला, "गायलं तर चालेल ना?" डॉक्टर म्हणाले, "चालेल, पण जोर लावू नका." "जोर लावून गातात त्यांना सांगा हे," असं म्हणून आत्या खुर्चीवरून उठली.

तंबोरा तिच्या मोबाइलमध्ये होता, त्याची चिंता नव्हती. पण संध्याकाळी अभंगाला तिला पेटी लागते, आणि आमचे पेटीवाले काका नेमके पंधरा दिवस गावाला गेलेले. तेव्हा मी चिरंजीवांच्या खोलीत गेलो. चिरंजीव दोन वर्षांपूर्वी सव्वा महिना संगीतकार होते. त्या कारकिर्दीतला एक छोटा कीबोर्ड पलंगाखाली सापडला. ह्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. तो लॅपटॉपला जोडायचा आणि लॅपटॉपमधला सॉफ्टवेअरचा सिंथ त्याच्या वतीने बोलतो. सिंथ फुकट मिळाला. त्यात दोन हजारांच्या वर आवाज होते आणि त्यातले निम्मे यानातून परग्रहवासी उतरताना होतात तसे. शोधत शोधत पेटीच्या दूरच्या नात्यातला एक ऑर्गन मिळाला. तो लावला, मोबाइलवर तंबोरा सुरू केला आणि आत्याला म्हटलं, "घे, वाजव."

आत्याने काळी पाच दाबली, सा भरला, मग गंधारावर गेली आणि थांबली.

"गंधार चढा आहे."

"आत्या, कंप्युटर आहे हा. चढेल कसा?"

"ते त्याला विचार."

मी विचारलं. त्या रात्री दीड वाजेपर्यंत विचारलं. आणि आत्याचं बरोबर निघालं, ही माझ्या पुढच्या दोन आठवड्यांच्या अधोगतीची सुरुवात.

सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात. एका सप्तकाचे 1200 सेंट, म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत 100. हे माप अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज विद्वानाने 1885 साली रूढ केलं, आणि त्यांना स्वतःला सुराचा कान अजिबात नव्हता असं सांगतात. मला ह्या गृहस्थांबद्दल तेव्हापासून फार जवळीक वाटते. तर कंप्युटरचा शुद्ध गंधार बरोबर 400 सेंटवर असतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिच्या पोटातून जो गंधार न वाजवता ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो 386.3 वर. फरक पावणेचौदा सेंट. आत्याच्या पट्टीत ह्या दोघांची गाठ पडली की सेकंदाला नऊ-सव्वानऊ लाटा उठतात. मी कान देऊन ऐकलं तर खरंच, सूर थंडीत कुडकुडल्यासारखा थरथरत होता. ती थरथर मी आजवर पेटीचा गोडवा समजत होतो.

"चौदा सेंटांचा घोळ आहे," मी सकाळी चहा घेताना जाहीर केलं.

"चौदा कशाला? एक उघडला की वर्षभर पुरतो," बायको म्हणाली. तिला अत्तरवाला सेंट वाटला होता. मीही खुलासा केला नाही.

आता सगळ्या जगातल्या पेट्या, पियानो आणि कंप्युटर चौदा सेंट चुकतात तरी का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मला पडला. ह्याचं उत्तर आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. चांद्र वर्ष आणि सौर वर्ष जुळत नाहीत, दरवर्षी अकराएक दिवस उरतात. सुरांचंही तसंच आहे. सा पासून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे शुद्ध बारा पंचम चढत गेलं की सात सप्तकं वरच्या सा वर पोचायला हवं. पोचतो, पण साडेतेवीस सेंट पुढे. देवाने हिशेब अपुरा सोडलेला आहे आणि तो कोणीतरी भरायचा आहे. पंचांगकर्त्यांनी उरलेले दिवस साठवून अधिक महिना काढला आणि जावयाला चांदीचं ताट मिळवून दिलं. युरोपातल्या ऑर्गनवाल्यांनी एकेकाळी तेच केलं. गंधार गोड करण्याच्या नादात जमा झालेला सगळा घोळ एका पंचमावर नेऊन ओतला. तो पंचम इतका भेसूर वाजायचा की त्याचं नावच लांडगा पडलं. त्या पट्टीत कोणी जायचं नाही, एवढा नियम.

पुढे त्यांनी आमच्या सोसायटीचा मार्ग धरला. गच्ची कोणाच्या कुंड्यांमुळे गळते ते सगळ्यांना माहीत असतं, पण खर्च सर्व बिऱ्हाडांत समान वाटला जातो. तसा तो साडेतेवीस सेंटांचा घोळ बाराही पंचमांत वाटला. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन सेंट आले, आणि पंचमाची तक्रार मिटली. तळमजल्यावर राहून गच्चीचे पैसे भरणारा जो असतो, तो म्हणजे गंधार. ह्या वाटणीला टेम्पर्ड म्हणतात. कोणत्याही पट्टीतून गा, सगळीकडे सारखंच कणसूर.

हे बदलता येतं का? येतं. सिंथच्या कोपऱ्यात ट्यूनिंग असा एक शब्द होता. तो दाबल्यावर एक यादी उघडली: व्हेर्कमाइस्टर, किर्नबर्गर, व्हालोट्टी. लग्नाच्या हॉलमध्ये चुकून दुसऱ्याच्याच पंगतीत बसावं तसं मला झालं. हे सगळे दोनतीनशे वर्षांपूर्वीचे सद्गृहस्थ. प्रत्येकाने तो साडेतेवीस सेंटांचा घोळ आपापल्या परीने वाटला होता. यादीत बाखच्या नावाचंही एक होतं. त्याची कथा अशी, की बाखने 1722 साली चोवीस पट्ट्यांतल्या रचनांची एक वही केली आणि तिच्या मुखपृष्ठावर वरच्या बाजूला वळणावळणांची एक नक्षी काढली. 2005 साली ब्रॅडली लेहमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सांगितलं की ती नक्षी नव्हेच, पियानोचे पूर्वज कसे लावायचे त्याची ती गुप्त सूचना आहे. कोणत्या वळणात किती गाठी ते मोजा आणि तेवढा पंचम उतरवा. त्यावर विद्वानांत अजून भांडणं चालू आहेत. आत्याला मी ती नक्षी मोठी करून दाखवली. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिने ती नीट पाहिली.

"पेन चालतंय का बघितलं असेल त्याने," ती म्हणाली.

ही सगळी नावं मी तिला एकेक करून ऐकवली. व्हेर्कमाइस्टरबद्दल "बरा आहे, पण घरचा नाही." किर्नबर्गरबद्दल नुसतं "हं." आणि शुद्ध पंचमांवर बांधलेल्या पायथागोरसच्या गंधाराला, जो 408 वर असतो, "हा भांडायला आलाय."

तेव्हा ठरवलं की आता आपणच लावायचं. त्यासाठी स्काला नावाची सोय आहे. मॅन्युएल ओप द कूल नावाच्या डच गृहस्थांनी केलेली. त्यांच्याकडे जगभरच्या पाच हजारांहून जास्त स्वरसप्तकांच्या फायली साठवलेल्या आहेत. एखाद्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत तशा. फाइल अगदी साधी असते. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत एकूण किती स्वर, मग एकेका ओळीत एकेक स्वर. सा लिहायचा नाही, तो गृहीत असतो. शेवटी वरचा सा. इतकं सोपं म्हटल्यावर मी आनंदाने बसलो. गंधारापाशी आलो तेव्हा 386.3 मधला तो पॉइंट तीन काय घेऊन बसायचं, असं वाटून 386 लिहिलं. वाण्याकडे सुटे पैसे सोडतो तसे.

पांढरी एकमधून वाजवून पाहिलं. सा वाजला, रे वाजला, गंधार मुका. पट्टी खराब झाली की काय म्हणून दोनदा ठोकली. आत्या म्हणाली, "चढा होता तो बरा होता."

झालं होतं असं की त्या फायलीत टिंब असलेला आकडा सेंट समजतात आणि टिंब नसलेला आकडा गुणोत्तर. म्हणजे मी गंधार सा च्या सव्वापट लावायच्या ऐवजी 386 पट लावला होता. सेकंदाला सुमारे 1 लाख कंपनं. माणसाला ऐकू येतात फार तर 20 हजार. लॅपटॉपला ते काढताही येत नाही आणि काढला असता तर वटवाघळांनी दाद दिली असती. शाळेत दशांश चिन्हाबद्दल खाल्लेला मार वाया गेला होता तो असा फळाला आला.

टिंब घातलं. गंधार आला. आणि मी उभा राहिलो, कारण बसून ऐकायचा सूरच नव्हता तो. लाटा नाहीत, थरथर नाही, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा तंबोऱ्यात मिसळून गेला. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी प्रथमच काहीतरी लावलं होतं जे लागलं होतं.

"आत्या, ये!"

आत्या आली, काळी पाच दाबली, गंधारावर गेली. "हा बघ. आला." मग पंचमावर गेली. चेहरा असा झाला की मला वाटलं टाका तुटला. मोतीबिंदूला हल्ली टाके नसतात, हे नंतर आठवलं.

"पंचम कुठे गेला रे?"

आता सा आणि प हे अचल स्वर. ते हलत नाहीत, हे पहिलीच्या संगीताच्या पुस्तकापासून आपल्याला सांगितलेलं आहे. आणि माझ्या लॅपटॉपवर तो अचल पंचम साडेएकवीस सेंट खाली घसरलेला होता. 702 च्या ऐवजी 680 वर. लांडगा. कारण फाइल मोजणार सा पासून, आणि सिंथच्या मते सा म्हणजे पांढरी एक. मी सगळं जग पांढरी एकच्या दारासमोरून आखलं होतं आणि आत्या राहते काळी पाचमध्ये. तिच्या दारातून तेच रस्ते तिरके होते. गंधार योगायोगाने सरळ आला, पंचम आला नाही.

ह्याला आणखी एक फाइल लागते. कोणती पट्टी सा धरायची आणि ती किती कंपनांवर, ते सांगणारी. कंप्युटरला काळी पाच हा शब्द कळत नाही, त्याच्या लेखी ती 58 नंबरची पट्टी. 58, 233.08. टिंबासकट. पंचम घरी आला.

ह्या सगळ्यात आपण काही नवीन करतोय असा माझा समज होता, तो आत्यानेच उतरवला. "सांगलीचे देवल करून गेले हे सगळं," ती म्हणाली. मी वाचून काढलं तर खरंच. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत माणसं बाग करतात, ह्यांनी बावीस श्रुती मोजल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गळ्याशी ताडून पाहिल्या आणि 1910 साली इंग्रजीत पुस्तक काढलं. मग क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस साहेबाने त्या हिशेबाने थेट लंडनहून श्रुतींची पेटी बनवून आणवली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून जो वाद झाला, त्यात पेटी मागे पडली आणि वाद अजून चालू आहे. पुढे 1940 मध्ये रेडिओने साध्या पेटीलाही बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. कारणांत एक हेच, की हिचे सूर आपले नव्हेत. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली, तिच्यात प्रत्येक पट्टीखाली खुंटी ओढून हवी ती श्रुती घेता येते. म्हणजे शंभरएक वर्षं हुशार माणसं आत्याच्या एका वाक्याचाच पाठलाग करत आली आहेत. मला त्या रांगेत शेवटी उभं राहायला काहीच कमीपणा वाटला नाही.

आठवडाभर सुखात गेला. आत्या भूप गायची, मी शेजारी बसून पट्ट्या दाबायचो आणि कौतुकाने स्वतःच्याच फायलीकडे बघायचो. मग एका सकाळी ती म्हणाली, "आज देसकार म्हणू. तो धैवत जरा वर घे."

देसकारात भूपाचेच पाच स्वर. मी म्हटलं, "तोच धैवत आहे की."

"तोच कसा? तो भूपाचा. देसकाराचा वर असतो."

केला वर, 884 चा 906. दुसरी फाइल झाली. मग कोमल रिषभ तोडीचा वेगळा, भैरवाचा वेगळा. दुसरा आठवडा संपताना माझ्याकडे सतरा फायली होत्या आणि एकीचंही नाव धड नव्हतं: 'देसकार नवीन', 'देसकार नवीन खरा', 'आत्या म्हणाली तो'. एका सकाळी मी त्यातली योग्य फाइल शोधून लावली, पट्टी तपासली, आकडा तपासला आणि म्हटलं, "हं, चालू दे." आत्याने घड्याळाकडे पाहिलं. "देसकार सकाळच्या पहिल्या प्रहराचा असतो. साडेदहा वाजले. तू आता जेवणाचा काही राग असेल तर लाव."

चिरंजीवांनी मध्येच येऊन 432 कंपनांचं काढलं. म्हणे जगाने 440 धरलंय ते चूक आहे, 432 वर लावलं की मन शांत होतं. 440 हा आकडा 1939 साली लंडनच्या परिषदेत ठरला असं मी त्याला सांगितलं. "कोणी ठरवला?" आत्याने विचारलं. "पावसाळ्यात माझा आवाज अर्धी पट्टी खाली असतो. तेव्हा हे येतात का लंडनहून?" विषय संपला.

पेटीवाले काका परत आले ते तिसऱ्या आठवड्यात. सत्तरीचे, पांढरा लेंगा, रेक्झिनची पिशवी. त्यांनी भात्याला नवं कातडं लावलं, आतून उंदराचं एक कोरडं घरटं काढलं, त्यात वडिलांच्या एका अभंगाच्या वहीचा कोपरा होता. मग पेटी उघडी करून सुरांची पाटी समोर घेतली.

"टेम्पर्ड ठेवू का गंधार ट्यूनिंग करू?" त्यांनी आत्याकडे बघून विचारलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

मी दोन आठवडे ज्याच्यामागे रात्री जाळल्या त्याला त्यांच्या धंद्यात दोन शब्दांचं नाव होतं.

"गंधार. काळी पाचमधून," आत्या म्हणाली.

काकांनी पितळी सुराखाली पातळ पत्रा सरकवला. कानस घेतली. सुराच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढाच सगळा कायदा. दोन घास, भाता, कान. पुन्हा एक घास, भाता, कान. सा आणि गंधार एकत्र दाबून ते त्या लाटा ऐकत होते. नऊ होत्या त्या पाच झाल्या, दोन झाल्या, मग एक लांब, आळसावलेली, आणि मग नाहीच. पुढच्या सुरावर गेले. मला राहवेना. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडून मी तो गंधारापाशी धरला. काटा उणे तेरा आणि उणे चौदाच्या मध्ये थरथरला आणि तिथेच थांबला. मी फोन काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बारकाईने पाहिला.

"चांगला आहे मोबाइल," ते म्हणाले. "बरोबर दाखवतोय."

त्या संध्याकाळी आत्या अभंग गायली. त्याबद्दल मी लिहीत नाही, लॅपटॉप मात्र बंद केला. चार दिवसांनी ती कोयनेने मिरजेला गेली. जाताना म्हणाली, "पेटीवर टॉवेल ठेवू नका."

अडचण त्यानंतरची आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीला दरवर्षी आमचीच पेटी असते आणि सेक्रेटरी आरती उचलतात पांढरी एकमधून. काळी पाचला सा धरला की पांढरी एक म्हणजे बरोबर शुद्ध रिषभ, आणि त्या रिषभातून पंचम बघायला गेलं की तो येतो 680 वर. तोच साडेएकवीस सेंटांचा लांडगा, फक्त आता तो लॅपटॉपमधून उठून पितळेत शिरलाय आणि त्याला फाइल बदलून घालवता येत नाही. परवा तालमीला सेक्रेटरींनी दोनदा घसा साफ केला आणि प्रसादातल्या पेढ्यांवर संशय घेतला. काकांना फोन केला तर म्हणाले, परत टेम्पर्ड करून देतो, पण सूर किती वेळा घासणार, पितळ आहे ते.

तेव्हा एक विनंती. डोंबिवली पूर्वेला किंवा आसपास राहणाऱ्या, काळी पाचमधून आरती उचलू शकणाऱ्या कोणीही गणपतीचे दहा दिवस संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे यावं. पेटी आहे, भाता नवा आहे, पहिल्या दिवशी उकडीचे मोदक आहेत.